डोंगर पाहणारा माणूस

(द्वितीय वर्ष, कला)

फ्रान्सच्या दक्षिणेस प्रोव्हान्स नावाचा प्रांत आहे. तेथे एक्स हे एक जुने शहर आहे आणि शहराच्या पूर्वेस चुनखडीचा एक उघडाबोडका डोंगर आहे. साँत व्हिक्त्वार हे त्याचे नाव. उंची अवघी १०११ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपुढे तो ठेंगणाच. भूगोलाच्या पुस्तकात त्याला कोणी ओळभर जागा देणार नाही. परंतु चित्रकलेचा इतिहास वाचणाऱ्याला हा डोंगर चुकवून पुढे जाता येत नाही. कारण एका माणसाने तो जन्मभर पाहिला, तीसहून अधिक तैलचित्रांत रंगवला, जलरंगांत रंगवला तो वेगळाच. आणि इतके करूनही तो आपल्याला अजून साधला नाही, अशी खंत मनात ठेवूनच तो माणूस मरण पावला.

या माणसाचे नाव पॉल सेझान. विसाव्या शतकातील चित्रकलेचा तो जनक मानला जातो. माझी त्याच्याशी ओळख मात्र चित्रकलेच्या वाटेने झाली नाही. आमच्या महाविद्यालयात चित्रकला हा विषय नाही. माझी ओळख झाली ती तत्त्वज्ञानाच्या तासामुळे. लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याचे मत आम्हाला शिकवले गेले. वस्तूचा आकार, घनता, गती हे गुण खरोखर वस्तूत असतात. रंग, वास, चव हे मात्र वस्तूत जसेच्या तसे नसतात, ते पाहणाऱ्या-चाखणाऱ्याच्या मनात उमटतात, असे तो म्हणतो. पुढे बार्कली येतो आणि विचारतो, की मग आकार तरी मनाबाहेर कशावरून? वर्गात दोन तट पडले. जग बाहेर आहे की आपल्या डोळ्यांत, यावर तास संपेपर्यंत वाद झाला आणि घंटेबरोबर तो मिटलाही. माझ्या मनातून मात्र तो गेला नाही. ग्रंथालयात पाश्चात्त्य चित्रकलेवरील एक जाडजूड सचित्र ग्रंथ हाती लागला. त्यात मला असा एक माणूस भेटला, ज्याने हाच प्रश्न हातात कुंचला घेऊन चाळीसहून अधिक वर्षे विचारला. त्याचे जीवन येथे थोडक्यात सांगण्याचा प्रयत्न करते.

सेझानचा जन्म १९ जानेवारी १८३९ रोजी एक्स येथे झाला. वडील लुई-ऑगस्त हे मूळचे टोप्यांचे व्यापारी. कष्टाने आणि काटकसरीने पैसा जोडून त्यांनी १८४८ साली एका भागीदाराबरोबर बँक काढली. शहराबाहेर जा द बुफाँ नावाची मोठी हवेली आणि भोवतालची शेतजमीन विकत घेतली. माणूस कर्तबगार, पण करारी. त्यांच्या शब्दाबाहेर घरात पान हलत नसे. या वडिलांचा धाक सेझानच्या मनातून ते हयात असेपर्यंत गेला नाही.

शाळेत त्याला एक मित्र मिळाला, एमिल झोला. हाच पुढे फ्रान्सचा थोर कादंबरीकार झाला. झोलाचे वडील इंजिनिअर होते, पण मुलगा लहान असतानाच ते वारले आणि घर उघड्यावर पडले. इतर मुले झोलाला त्रास देत. सेझानने त्याची बाजू घेतली, मार खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी झोला त्याच्यासाठी सफरचंदांची टोपली घेऊन आला, अशी हकीकत सांगितली जाते. पुढे सेझानने जन्मभर सफरचंदे रंगवली. त्यांचा या टोपलीशी किती संबंध होता हे कोण सांगणार? पण दोघे मित्र नदीत डुंबत, डोंगर तुडवत, कविता म्हणत वाढले, एवढे निश्चित.

मुलाने काय शिकावे हे वडिलांनी ठरवायचे, ही रीत एक्समध्येही होती. सेझानला वकिलीच्या शिक्षणाला घालण्यात आले. तो दिवसा कायदा आणि उरलेल्या वेळात चित्रकला शिकू लागला. झोला आधीच पॅरिसला गेला होता. तो तेथून पत्रांवर पत्रे लिहून मित्राला बोलावत होता. अखेर १८६१ साली वडिलांनी परवानगी दिली. परंतु पॅरिसमध्ये सेझानचा जीव रमेना. काही महिन्यांतच निराश होऊन तो परतला आणि वडिलांच्या बँकेत कारकुनी करू लागला. वर्षभरात तेही अशक्य झाले. १८६२ च्या अखेरीस तो पुन्हा पॅरिसला गेला तो चित्रकार होण्याच्या निश्चयानेच. वडील दरमहा ठराविक रक्कम पाठवत. रक्कम बेताची होती, पण उपाशी मरण्याची पाळी येणार नाही इतकी होती. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे मला तिच्याकडे परत यायचे आहे.

सरकारी कलाशाळेचे दार त्याला उघडले नाही. मग तो एका खाजगी चित्रशाळेत जाऊ लागला. तेथे गुरू नव्हता. थोडी फी भरली की समोर मॉडेल बसवलेले असे आणि ज्याने त्याने आपापले काढावे. लूव्ह्र संग्रहालयात जाऊन तो जुन्या चित्रकारांच्या कृतींवरून अभ्यास करी. त्या काळी फ्रान्समध्ये चित्रकाराचे भवितव्य सॅलाँ नावाच्या अधिकृत प्रदर्शनावर अवलंबून असे. परीक्षकांनी चित्र स्वीकारले तर गिऱ्हाईक, नाही तर अंधार. सेझानची चित्रे वर्षानुवर्षे नाकारली गेली. त्याचे चित्र तेथे एकदाच लागले, १८८२ साली, आणि तेही परीक्षक असलेल्या एका मित्राने त्याला आपला शिष्य म्हणून पुढे केले तेव्हा.

त्याची या काळातील चित्रे पाहिली तर परीक्षकांना फारसा दोष देववत नाही. काळेकभिन्न रंग, तेही सुरीने थापल्यासारखे जाड. विषयही मनातल्या वादळांचे, खून, मृत्यू आणि वासनेचे. १८६६ साली त्याने वृत्तपत्र वाचत बसलेल्या वडिलांचे मोठे चित्र काढले. त्यात ताकद आहे, राग आहे, प्रेमही आहे. पण बाहेरचे जग या चित्रांत अजून शिरलेले नाही. सेझान अद्याप स्वतःलाच रंगवत होता.

बाहेरचे जग त्याला दाखवले ते कामीय पिसारो या चित्रकाराने. पिसारो त्याच्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा, गरीब, कुटुंबवत्सल आणि अत्यंत सौम्य स्वभावाचा. १८७२ च्या सुमारास सेझान त्याच्या शेजारी पाँत्वाझ आणि ओव्हेर या खेड्यांत राहावयास गेला. दोघे बरोबर बाहेर पडत आणि शेताच्या बांधावर शेजारी शेजारी बसून रंगवत. कथलाच्या नळीत भरलेला तयार तैलरंग १८४१ नंतर निघाला होता, म्हणून हे शक्य झाले. त्यापूर्वी रंग घोटण्याचा सारा संसार उघड्यावर नेणे फार अवघड होते. पिसारोने त्याला काळा रंग बाजूला ठेवावयास शिकवले. आधी रेघ काढून मग तिच्यात रंग भरू नये. जे दिसते ते रंगाचेच डाग असतात, ते एकमेकांच्या शेजारी नीट ठेवावेत, आकार आपोआप उभा राहील, ही शिकवण सेझानने जन्मभर जपली. आडमुठा म्हणून प्रसिद्ध असलेला हा माणूस म्हातारपणीही स्वतःला पिसारोचा शिष्य म्हणवून घेत असे.

पिसारो, मोने, रनवार वगैरे मंडळींनी १८७४ साली पॅरिसमध्ये स्वतःचे प्रदर्शन भरवले. दृक्प्रत्ययवादी म्हणून जे चित्रकार पुढे जगप्रसिद्ध झाले ते हेच. सेझान या प्रदर्शनात होता. प्रेक्षक हसले, समीक्षकांनी टर उडवली, आणि त्यातही सर्वांत अधिक टवाळी सेझानच्या वाट्याला आली. १८७७ साली त्याने त्यांच्याबरोबर आणखी एकदा चित्रे मांडली. पुन्हा तोच अनुभव आला. त्यानंतर तो या मंडळींच्या प्रदर्शनांत कधी सहभागी झाला नाही. हळूहळू पॅरिसचा पाय निघाला आणि प्रोव्हान्सची माती त्याला ओढू लागली.

तथापि त्याचे दूर होणे केवळ टवाळीमुळे नव्हते. त्याला या मित्रांच्या कलेत एक उणीव जाणवू लागली होती. मोनेसारखा चित्रकार क्षणाचा प्रकाश पकडतो. सकाळचे ऊन, पाण्यावरची लकाकी, धुके. पण या लकाकीत वस्तूच विरघळून जाते. झाडाचे खोड, घराची भिंत, डोंगराचा कणा कोठे गेला? उलट जुन्या संग्रहालयीन चित्रांत वस्तू भरभक्कम असते, पण ती डोळ्यांनी पाहिलेली नसते, ठाऊक असलेली असते. मेज चौकोनी असते हे ठाऊक आहे, म्हणून ते चौकोनी काढायचे. सेझानला दोन्ही हवे होते. डोळ्यांना जे दिसते त्याच्याशी बेइमानी करायची नाही, आणि दिसणाऱ्या वस्तूचा भक्कमपणाही सोडायचा नाही. आमच्या वर्गातील वादाच्या भाषेत सांगायचे तर, रंग मनात आणि आकार वस्तूत ही लॉकची वाटणी त्याला मान्य नव्हती. त्याच्या मते रंग जसजसा नेमका आणि समृद्ध होत जातो, तसतसा आकारच पूर्ण होत जातो. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

याचा अर्थ त्याच्या वस्तुचित्रांकडे पाहिले की कळतो. साधे लाकडी मेज, त्यावर चुरगळलेला पांढरा कपडा, एक बरणी, पाचसात सफरचंदे. वस्तू नेहमीच्या, पण जरा थांबून पाहिले की गंमत लक्षात येते. मेजाची कड कपड्याच्या डाव्या बाजूस जेथे नाहीशी होते, त्याच पातळीवर ती उजव्या बाजूस बाहेर येत नाही. बरणीचे तोंड वरून पाहिल्यासारखे दिसते आणि पोट समोरून पाहिल्यासारखे. त्याला यथादर्शनाचे नियम येत नव्हते असे काहींनी म्हटले. वस्तुतः ते नियम एक डोळा मिटून, मान न हलवता पाहणाऱ्यासाठी आहेत. खरा माणूस दोन डोळ्यांनी पाहतो, मान हलवतो, एकदा बरणीकडे आणि एकदा सफरचंदाकडे पाहतो. प्रत्येक वेळी जग किंचित हलते. सेझानने ते हलणे लपवले नाही. त्याच्या सफरचंदाच्या कडेला एकच रेघ नसते. दोनतीन निळसर रेघा असतात, कारण गोल वस्तूची कड नेमकी कोठे संपते हे डोळ्याला ठाम सांगता येत नाही.

मांडणीसाठी तो फळाखाली नाणी सरकवून ती हव्या त्या कोनात तोलून ठेवी. काम इतके सावकाश चाले की फळे सडत, फुले माना टाकत. म्हणून काही वेळा तो कागदी फुले वापरी. एक फटकारा मारल्यावर दुसरा मारण्यापूर्वी तो कितीतरी वेळ नुसता पाहत राही. आँब्र्वाझ व्होलार्द या चित्रविक्रेत्याचे व्यक्तिचित्र त्याने १८९९ साली काढले, त्यासाठी व्होलार्दला एकशे पंधरा बैठका द्याव्या लागल्या, असे खुद्द व्होलार्दने लिहून ठेवले आहे. बसल्या बसल्या त्याला झोप लागून तो खाली कोसळला, तेव्हा सफरचंद कधी हलते का म्हणून सेझान त्याच्यावरच चिडला. इतके करून चित्र अपुरेच राहिले. समाधान झाले ते म्हणे फक्त सदऱ्याच्या पुढच्या भागाबद्दल!

संसाराच्या बाबतीत त्याचे जीवन सुखाचे म्हणता येणार नाही. १८६९ मध्ये पॅरिसला ऑर्तांस फिके या तरुणीशी त्याची ओळख झाली आणि १८७२ साली त्यांना मुलगा झाला. वडिलांच्या भीतीने त्याने हे सारे वर्षानुवर्षे लपवून ठेवले. वडील त्याची पत्रे फोडून वाचत. त्यातून १८७८ साली बिंग फुटले आणि त्यांनी पैसे कमी केले. त्या वेळी झोलाने काही महिने मदत केली. पुढे १८८६ हे साल मोठ्या उलथापालथीचे ठरले. एप्रिलमध्ये त्याने ऑर्तांसशी रीतसर विवाह केला. ऑक्टोबरमध्ये वडील वारले आणि मोठी संपत्ती त्याच्या वाट्याला आली. त्याच वर्षी झोलाची एक कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक हा अपयशी चित्रकार. आपल्या अपुऱ्या चित्रासमोर तो गळफास घेतो. या नायकात सेझानची छाया आहे असे अनेकांना वाटले. हे पुस्तक वाचून सेझानने मैत्री तोडली असे पुष्कळ वर्षे सांगितले जाई. परंतु अलीकडे त्याचे झोलाला लिहिलेले १८८७ सालचे एक पत्र उजेडात आले आहे, त्यामुळे ताटातूट एका दिवसात झाली नाही हे सिद्ध झाले. ती झाली मात्र खरी. १९०२ साली झोला मरण पावल्याची बातमी आली तेव्हा सेझानला रडे आवरले नाही.

आता मला ज्या गोष्टीविषयी थोडे सविस्तर लिहायचे आहे तिच्याकडे वळते. सेझानचा एक तरुण कवी-मित्र होता, झोआकिम गास्के. त्याने सेझानच्या मृत्यूनंतर एक पुस्तक लिहिले. ते १९२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील संभाषणे बरीचशी गास्केने आपल्या पदरची घालून सजवली असावीत, असे जाणकार मानतात. त्यात सेझानच्या तोंडी एक मत घातले आहे. बाजाराला निघालेल्या शेतकऱ्याबरोबर आपण कधी कधी गाडीतून जातो. या लोकांनी साँत व्हिक्त्वार कधी पाहिलाच नाही. वाटेकडेला काय पेरले आहे, उद्या हवा कशी असेल, डोंगराने ढगाची टोपी घातली आहे की नाही, हे त्यांना कळते. परंतु झाड हिरवे आहे, माती तांबडी आहे, हे त्यांना जाणवत नाही. जेवढे उपयोगाचे तेवढेच त्यांना दिसते, असा त्याचा आशय आहे.

हे वाचून मी पुस्तक मिटवून ठेवले. मी शेतकऱ्याची मुलगी आहे. आमची कोरडवाहू जमीन आहे, आणि आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आमच्या गावामागेही डोंगर आहे आणि त्याने टोपी घातली की पाऊस येणार असे आमच्याकडेही म्हणतात. तर मग माझ्या आईवडिलांनी तो डोंगर पाहिलाच नाही काय?

यावर मी पुष्कळ विचार केला. पाऊस पडून गेल्यावर लगेच पेरता येत नाही. जमिनीला वापसा यावा लागतो. चिखल नको आणि कोरडी ढेकळेही नकोत, अशी मधली ओल हवी. वापसा आला की नाही हे माझे वडील आधी बांधावर उभे राहून डोळ्यांनी ठरवतात. काळ्याभोर रानावर वरून एक फिकट राखी छटा चढू लागते. सगळीकडे एकदम चढत नाही, उंचवट्यावर आधी आणि सखल भागात नंतर. मग ते खाली वाकून मूठभर माती दाबून पाहतात आणि ती हातात कशी सुटते यावरून खात्री करून घेतात. मुठीने बहुतेक वेळा डोळ्यांचेच म्हणणे खरे ठरवलेले मी पाहिले आहे. या माणसाला मातीचा रंग दिसत नाही असे कोण म्हणेल? शहरातल्या माणसाला जेथे एकच काळा रंग दिसेल तेथे त्यांना चार दिसतात. आणि एवढेच नव्हे. हा रंग नुसता त्यांच्या मनात उमटलेला नसतो. तो मातीतल्या पाण्याची बातमी आणतो. रंग वस्तूत की मनात, या आमच्या वर्गातील भांडणाला या बांधावर फारसा अर्थ उरत नाही. रंग माती आणि डोळा यांच्या मध्ये घडतो, आणि दोघांपैकी एकालाही वगळले तर वापसा कळत नाही. सेझानने मेजावरच्या सफरचंदांपुढे बसून जे शोधले, त्याच्या फार जवळ ही गोष्ट येते असे मला वाटते.

मात्र त्या मतात थोडे तथ्य आहे हेही मी नाकारत नाही. वापसा आला हे कळले की वडिलांचे पाहणे संपते. तिफण जुंपायची असते. बी, मजूर, उसनवारी, पुढचा पाऊस, शंभर गोष्टी डोक्यात असतात. जेथे शेतकऱ्याचे पाहणे थांबते तेथून सेझानचे सुरू होते. उत्तर मिळाल्यावरही तो पाहतच राहतो. पण असे पाहत राहायला वेळ लागतो, आणि वेळ कोणाला फुकट मिळत नाही. सेझानला तो वडिलांच्या बँकेने विकत घेऊन दिला. आयुष्याच्या पहिल्या छपन्न वर्षांत त्याची चित्रे जवळजवळ विकली गेली नाहीत; तरी तो रंगवत राहू शकला, याला त्याच्या जिद्दीइतकाच तो मासिक तनखाही कारण आहे. गाडी हाकणाऱ्या शेतकऱ्याला कोणी असा तनखा दिला असता, तर त्याने काय पाहिले असते हे जगाला कळायचे राहून गेले.

सेझानच्या बाजूने मोठा पुरावा मात्र त्याच्या चित्रांचाच आहे. १८९० नंतरच्या काही वर्षांत त्याने पत्ते खेळणाऱ्यांची पाच चित्रे काढली. त्यांतली माणसे म्हणजे जा द बुफाँच्या मळ्यावरचे मजूर आणि माळी. तोपर्यंत युरोपीय चित्रांत पत्ते खेळणारा खेडूत म्हटला की दारू, भांडण आणि थट्टा असे. सेझानच्या चित्रात कोणी हसत नाही, कोणी ओरडत नाही. जाड कोटातली ती माणसे देवळाच्या खांबांसारखी बसली आहेत आणि हातातल्या पत्त्यांकडे एकाग्रतेने पाहत आहेत. ज्यांना दिसत नाही असे त्याच्या नावावर सांगितले जाते, त्याच लोकांना त्याने पाहण्याच्या कामात गढलेले रंगवले. या पाचांपैकी एक चित्र २०११ साली पंचवीस कोटी डॉलरच्या आसपास किमतीला कतारच्या राजघराण्याने घेतल्याचे वृत्त होते. त्या मजुरांना दिवसाची मजुरी किती पडत असेल, हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे.

१८९५ साली व्होलार्दने पॅरिसमध्ये सेझानचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरवले. सुमारे दीडशे कृती होत्या. जुने सहकारी थक्क झाले, तरुण चित्रकारांना गुरू सापडला. हेन्री मातिसने हलाखीच्या दिवसांतही त्याचे एक लहान चित्र विकत घेतले, सदतीस वर्षे जवळ बाळगले आणि १९३६ मध्ये पॅरिस शहराच्या संग्रहालयाला भेट दिले. कीर्ती आली, पण सेझान एक्समध्येच राहिला. आई १८९७ मध्ये वारली, दोन वर्षांनी हवेली विकावी लागली. लोव्ह नावाच्या टेकाडावर त्याने नवी चित्रशाळा बांधली आणि १९०२ पासून तेथे काम करू लागला. तेथून थोडे वर चढले की साँत व्हिक्त्वार समोर दिसे. मधुमेहाने शरीर पोखरले होते. तरीही तो पहाटे उठे आणि साहित्य घेऊन कामाला निघे.

या अखेरच्या काळात एमिल बर्नार या तरुण चित्रकाराशी त्याचा पत्रव्यवहार झाला. निसर्गाकडे दंडगोल, गोल आणि शंकू या आकारांच्या आधारे पाहावे, हा त्याचा प्रसिद्ध सल्ला १९०४ च्या पत्रातला. घनवादी चित्रकारांनी पुढे तोच उचलला. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते दुसरे एक पत्र, मृत्यूपूर्वी काही आठवडे मुलाला लिहिलेले. नदीकाठी बसलो असता एकच देखावा थोडे उजवीकडे किंवा डावीकडे झुकून पाहिला तरी इतका बदलतो, की जागा न सोडता महिनोन्महिने काम पुरेल, असा त्यात भाव आहे. म्हणजे वास्तव एकच आहे. पण ते एका नजरेत मावणारे नाही. त्याच्या शेवटच्या चित्रांत कॅनव्हासचे काही तुकडे कोरेच राहिलेले दिसतात. जेथे काय दिसते याची खात्री पटली नाही, तेथे अंदाजाने रंग भरून तो मोकळा झाला नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ मर्लो-पाँती याने १९४५ मध्ये सेझानच्या या संशयावर एक निबंध लिहिला, आणि पाहणे म्हणजे काय या प्रश्नासाठी तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी आजही तो वाचतात.

१५ ऑक्टोबर १९०६ रोजी तो उघड्यावर रंगवत असताना वादळी पावसाने त्याला गाठले. कित्येक तास तो भिजत राहिला. अखेर कोणीतरी त्याला कपडे धुणाऱ्याच्या गाडीत घालून घरी आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा बागेत गेला. तेथे व्हालिए नावाच्या त्याच्या म्हाताऱ्या माळ्याचे चित्र चालू होते. त्या चित्रावर हात फिरवून तो परतला तो अंथरुणाला खिळला, आणि आठवडाभरात त्याचे प्राण गेले. बँकवाल्याचा हा मुलगा रानात काम करताना पावसात सापडून गेला, आणि त्याच्या शेवटच्या कामात समोर बसला होता तो मातीत हात घालणारा माणूस.

पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये त्याच्या चित्रांचे मोठे स्मृतिप्रदर्शन झाले. पिकासो आणि ब्राक यांच्या हातून घनवाद जन्मला तो याच सुमारास. सेझानचा धागा आपल्या मुंबईपर्यंतही पोचला आहे. सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले सय्यद हैदर रझा १९४८ साली काश्मीरमध्ये निसर्गचित्रे काढत होते. आँरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने ती पाहिली. चित्रांत रंग आहे पण बांधणी नाही, त्यासाठी सेझानचा अभ्यास करा, असे त्यांनी सुचवले. रझांनी ते मनावर घेतले आणि १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले.

तत्त्वज्ञान घेऊन काय करणार, असे मला घरी आणि दारी विचारले जाते. प्रश्न योग्यच आहे, कारण माझ्या फीचे पैसे कोठून येतात हे मला ठाऊक आहे. मला मिळालेली ही तीन वर्षे म्हणजे एका परीने सेझानचा तनखाच आहे. तो बँकेतून येत नाही, कोरडवाहू रानातून येतो. म्हणूनच मला असे वाटते, की उत्तर मिळाल्यावरही थोडे अधिक पाहत राहणे ही श्रीमंतांची चैन समजून आपण सोडून देऊ नये. आपल्या घरच्या माणसांची नजर मुळात तीक्ष्ण आहे. तिला वेळ मिळालेला नाही, एवढेच. तो आपल्याला मिळाला आहे.

ज्या ग्रंथाचा मी उल्लेख केला तो आपल्या ग्रंथालयात कलाविषयक पुस्तकांच्या कपाटात आहे. छापील चित्रांत रंग थोडे बदलतात हे खरे, तरी मेजाची कड आणि डोंगराचे कोरे तुकडे स्पष्ट दिसतात. ज्यांना इच्छा असेल त्यांनी तो अवश्य पाहावा. पाने भराभर उलटू नयेत. एकाच चित्रापुढे दहा मिनिटे बसावे आणि काय काय दिसले ते वहीत लिहून काढावे. मी दोन मैत्रिणींना बसवले होते. तिघींच्या याद्या वेगवेगळ्या निघाल्या, आणि ताडून पाहिले तेव्हा तिन्ही खऱ्या होत्या.